प्रत्येक रुपयाचं वय: निवृत्तीचे पैसे नीट वाढताहेत का, हे कसं ओळखायचं

दिवाळीत मावशीकडे साताऱ्याला गेलो होतो. फराळ झाला, ताटं उचलली गेली आणि मावसबहीण मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसली. "दादा, हे जरा बघ. फंडातले पैसे काढून सगळे पीपीएफमध्ये टाकते मी. जीव टांगणीला लावायचा आणि हाती तेवढंच यायचं, काय उपयोग?"

ती शिक्षिका आहे. निवृत्तीसाठी म्हणून दर दिवाळीला १ लाख रुपये ती शेअरवाल्या एका म्युच्युअल फंडात टाकते. तीन दिवाळ्यांचे ३ लाख झाले होते, यंदाचे भरायचे होते. मोबाइलवर आजची किंमत दिसत होती ३,६४,१०० रुपये. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केले आहेत.) तिचा हिशेब असा: नफा ६४,१००, म्हणजे ३ लाखांवर २१ टक्क्यांच्या थोडा वर. तीन वर्षांनी भागलं की वर्षाला ७.१ टक्के. पीपीएफ म्हणजे सरकारी हमीची दीर्घ मुदतीची बचत योजना, आणि तिचा दरही एप्रिल २०२० पासून ७.१ टक्केच आहे. मग बाजाराची धाकधूक कशाला?

बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, आणि तरी निष्कर्ष साफ चुकलेला. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. या एका भागाकारावरून माणसं चांगली गुंतवणूक मोडतात आणि वाईट गुंतवणूक वर्षानुवर्षं सांभाळत बसतात.

मी तिला एवढंच विचारलं, "तुझे ३ लाख तीन वर्षं फंडात होते का?"

नव्हते. पहिला लाख तीन वर्षं होता, दुसरा दोन वर्षं आणि तिसरा जेमतेम एक वर्ष. प्रत्येक रुपयाचं वय वेगळं. गेल्या दिवाळीला टाकलेल्या रुपयाकडून तीन वर्षांच्या कमाईची अपेक्षा करणं म्हणजे पहिलीतल्या मुलाला तिसरीचा पेपर देण्यासारखं आहे.

मग तिच्याच वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. समजा दर वर्षी १० टक्क्यांनी पैसे वाढले. पहिल्या लाखाचे तीन वर्षांत १,३३,१०० होतात. दुसऱ्याचे दोन वर्षांत १,२१,०००. तिसऱ्याचे एका वर्षात १,१०,०००. बेरीज ३,६४,१००. मोबाइलवरचाच आकडा! म्हणजे तिचे पैसे वर्षाला १० टक्क्यांनी वाढत होते, ७.१ ने नव्हे. हेच तीन लाख त्याच वेळी पीपीएफमध्ये टाकले असते, तर आज ३ लाख ४४-४५ हजारांच्या आसपास असते. जवळजवळ वीस हजारांचा फरक त्या भागाकाराखाली लपला होता.

पीपीएफचं व्याज करमुक्त असतं, हे तिने लगेच सांगितलं, आणि ते विचारात घ्यायलाच हवं. पण शेअरवाल्या फंडातही वर्षभराहून जास्त ठेवलेल्या पैशांवर, एका आर्थिक वर्षात १.२५ लाखांपर्यंतच्या नफ्याला कर लागत नाही. त्यावरच्या नफ्याला जुलै २०२४ पासून १२.५ टक्के लागतो. तिच्या ६४,१०० ना शून्य.

हे जे आम्ही वहीत केलं, त्याला गुंतवणुकीच्या भाषेत एक्सआयआरआर म्हणतात. नाव अवघड आहे, कल्पना अवघड नाही: प्रत्येक हप्ता ज्या तारखेला गेला तिथपासून वाढवत नेला, तर कोणत्या वार्षिक दराने आजची एकूण किंमत येईल, तो दर शोधायचा. तीन हप्ते असतील तर अंदाजाने दर घेऊन हातानेही जमतं. दर महिन्याच्या हप्त्याला मात्र संगणक लागतो.

कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे होतं. एका रकान्यात तारखा लिहा. शेजारच्या रकान्यात रकमा: तुमच्या खिशातून गेलेली प्रत्येक रक्कम वजा चिन्ह लावून, मधे काही काढलं असेल तर ते अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत, तीही अधिक. मग रिकाम्या चौकटीत बरोबरचं चिन्ह, एक्सआयआरआर हे सूत्र आणि कंसात आधी रकमांचा रकाना, नंतर तारखांचा. उत्तर टक्क्यांत दिसेल अशी चौकट ठेवा. बस. वजा चिन्ह विसरलं की उत्तरच येत नाही. पहिल्यांदा करणारा हमखास तिथे अडतो.

महिन्याला हप्ता भरणाऱ्यांसाठी फरक किती मोठा होतो ते पाहा. दरमहा ५,००० रुपये, दहा वर्षं, म्हणजे एकूण ६ लाख. आजची किंमत ९,७५,०००. नफा ६२.५ टक्के. दहाने भागणारा म्हणेल, वर्षाला सव्वासहा टक्के. चक्रवाढीचं सूत्र माहीत असलेला ६ लाखांचे दहा वर्षांत ९.७५ लाख झाले असं धरेल आणि म्हणेल, ५ टक्के. खरं उत्तर ९.४ टक्क्यांच्या जवळ आहे, कारण सरासरी हप्त्याचं वय दहा वर्षं नसून पाचच वर्षं आहे. पाच टक्के समजणारा माणूस उद्याच एसआयपी, म्हणजे हा दरमहाचा हप्ता, बंद करेल.

एक सावधगिरी. एक्सआयआरआर वर्षाचा दर सांगतो, त्यामुळे पैसे टाकून वर्ष व्हायच्या आत तो फार फसवतो. दोन महिन्यांत ४ टक्के वाढ झाली की सूत्र सांगेल २६ टक्के, कारण ते गृहीत धरतं की हाच वेग वर्षभर टिकेल. खाली गेल्यावर तितकंच भीषण दाखवेल. नव्या गुंतवणुकीचा हा आकडा पहिलं वर्ष पाहूच नका.

हे सगळं करण्याआधीची एक पायरी आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. पैसे पोहोचलेत का?

माझ्या आधीच्या नोकरीत पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला पीएफची कपात दिसायची. मी ती चिठ्ठी पाहून निर्धास्त असायचो. नोकरी सोडल्यावर पासबुक उघडलं, तर मधले तीन महिने गायब. कपात झालेली, भरणा झालेला नाही. ते तीन महिने खात्यात यायला मला सात महिने पाठपुरावा करावा लागला, आणि तोही माझ्याकडे पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या म्हणून जमलं. तेव्हापासून परतावा वगैरे नंतर, आधी पासबुक.

पीएफचा नियम असा की एका महिन्याच्या पगारातली कपात मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. यूएएन (पीएफ खातेदाराचा कायमचा क्रमांक) चालू असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर पासबुक दिसतं. त्यात महिन्यांच्या नोंदी ओळीने असतात. बारा महिन्यांच्या बारा ओळी आहेत का, आणि तुमच्या हिश्श्याची रक्कम चिठ्ठीवरच्या कपातीशी जुळते का, एवढंच पाहायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच पासबुकात तीन रकाने असतात आणि तिसऱ्यापाशी बहुतेकांची गफलत होते. पहिला रकाना तुमचा हिस्सा, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के. मालकही १२ टक्के देतो, पण ते सगळे तुमच्या पीएफमध्ये येत नाहीत. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, आणि हा हिशेब १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर होत असल्यामुळे बहुतेकांच्या तिसऱ्या रकान्यात दरमहा १,२५० रुपये दिसतात. उरलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यातल्या पैशांवर तुमच्या नावाने व्याज साठत नाही. त्यातून पुढे पेन्शन मिळते आणि ती ठरते नोकरीची वर्षं आणि पेन्शनयोग्य पगार यांवरून. म्हणून परतावा मोजताना तिसरा रकाना बाजूला ठेवा. तो धरलात तर, "मालकाचे एवढे पैसे भरले आणि व्याज एवढंसंच?" असं वाटून उगाच चिडचिड होते.

पीएफचं व्याज मोजलं जातं महिन्याच्या शिलकीवर, पण खात्यात जमा होतं वर्षातून एकदाच, आणि तेही दर जाहीर होऊन मंजूर झाल्यावर. मे-जूनमध्ये पासबुक पाहून व्याज दिसलं नाही तर घाबरू नका. उशिरा जमा झालं तरी ते वर्षअखेरच्या तारखेपासूनच धरलं जातं.

पीएफमध्ये एक्सआयआरआर काढायची गरज नाही. दर सगळ्यांना एकच आणि जाहीर. २०२२-२३ ला तो ८.१५ टक्के होता, २०२३-२४ ला ८.२५ आणि २०२४-२५ लाही ८.२५. मग यात तपासायचं काय? तर महागाई. तीन वर्षांचा दर जवळपास सारखा दिसतो, पण त्याच तीन वर्षांतली ग्राहक किंमत निर्देशांकावरची सरासरी महागाई होती अनुक्रमे ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के. वजाबाकी केली तर पहिल्या वर्षी हाती खरी वाढ राहिली जेमतेम दीड टक्का, दुसऱ्या वर्षी पावणेतीनच्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी साडेतीनच्या वर. पासबुकात तिन्ही वर्षं जुळी दिसतात. वाण्याच्या दुकानात ती जुळी नव्हती.

घरातली मोठी माणसं हळहळतात, "आमच्या वेळी पीपीएफला १२ टक्के होते." होते, १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत. पण १९९१-९२ साली महागाई १३ टक्क्यांच्या वर होती. त्या वर्षी १२ टक्के मिळवणाऱ्याच्या पैशांची किंमत घटली होती. दर मोठा होता, आणि तेलाचा डबाही तितक्याच वेगाने महाग होत होता.

आता बाजाराशी जोडलेल्या पैशांकडे येऊ, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि म्युच्युअल फंड. इथे दर कुणी जाहीर करत नाही, त्यामुळे १० टक्के हे चांगले की वाईट, हे नुसत्या १० कडे पाहून सांगता येत नाही. बहीण शिक्षिका असल्यामुळे तिला हे सांगायला सोपं गेलं. एखाद्या मुलाला ८० गुण पडले. वर्गाची सरासरी ८८ असेल तर पालकांना बोलावून घ्यावं लागेल, सरासरी ६० असेल तर पाठ थोपटावी लागेल. फंडाचा वर्ग म्हणजे त्याचा निर्देशांक, म्हणजे त्याच प्रकारच्या अनेक शेअरांचा किंवा रोख्यांचा मिळून चढउतार दाखवणारा आकडा. मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडाची तुलना निफ्टी ५० किंवा निफ्टी १०० शी, सगळ्या आकाराच्या कंपन्या घेणाऱ्याची निफ्टी ५०० शी. कुठला निर्देशांक लावायचा हे फंडाच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच असतं. शेअरच्या फंडाची तुलना मुदत ठेवीशी करणं, किंवा रोख्यांच्या फंडाची सेन्सेक्सशी, म्हणजे मराठीच्या पेपराला गणिताची सरासरी लावणं.

यात एक बारकावा आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरलेला नसतो. फंडाला मात्र तो मिळतो. म्हणजे टीव्हीवरच्या निफ्टीला अर्धा-एक टक्क्याने हरवणारा फंड प्रत्यक्षात हरलेलाही असू शकतो. म्हणूनच सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली. त्याला टीआरआय म्हणतात. फंडाच्या पत्रकात निर्देशांकाच्या नावापुढे ही तीन अक्षरं आहेत का ते बघा.

आणि तुलना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत केली आहे? हा प्रश्न विचारायला मी बऱ्याच उशिरा शिकलो. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,९०० च्या जवळ होता. बरोबर पाच वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, १९,७०० च्या आसपास. पाच वर्षं थांबून मुद्दलही शाबूत नाही. आता सुरुवात फक्त चौदा महिन्यांनी पुढे सरकवा. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० होता आणि पाच वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, २२,००० च्या जवळ. वर्षाला २१-२२ टक्के! तोच निर्देशांक, तीच पाच वर्षांची मुदत. जानेवारी २०१३ मध्ये कंटाळून बाहेर पडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि मार्च २०१४ मधला पाच वर्षांचा आकडा पाहून सगळी शिल्लक घेऊन धावत आत आलेलीही. दोघांनी एकेकच आकडा पाहिला होता.

म्हणून एखाद्या फंडाचा "पाच वर्षांचा परतावा" म्हणून एकच आकडा दिला असेल तर त्यावर निर्णय घेऊ नका. वेगवेगळ्या तारखांना सुरू झालेल्या अनेक पाच-पाच वर्षांचा परतावा पाहा. याला रोलिंग रिटर्न म्हणतात. तो सहज सापडला नाही, तर निदान फंडाचं प्रत्येक वर्ष आणि निर्देशांकाचं तेच वर्ष शेजारी शेजारी लिहा. दहा ओळींत बरंच कळतं: फंड एकाच वर्षीच्या चमकीवर उभा आहे, की दहापैकी सहा-सात वर्षं वर्गाच्या पुढे राहिला आहे. बहिणीच्या फंडाची तीनच वर्षं झाली होती. १० टक्के मिळाले म्हणून तो उत्तम आहे असं मी तिला मुळीच म्हटलं नाही. तो पीपीएफसारखाच चालला आहे हा तिचा समज चुकीचा आहे, एवढंच दाखवलं.

तिचा दुसरा प्रश्न एनपीएसचा होता. ती नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागली, त्यामुळे राज्याची जुनी पेन्शन तिला नाही. जुन्या पेन्शनच्या मागणीसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात तीही होती. त्या मागणीबद्दल माझं मत तिला माहीत आहे. पण मागणीचं काहीही होवो, खात्यात जे आहे ते नीट बघितलंच पाहिजे, यावर आमचं एकमत झालं. तिने स्टेटमेंट दाखवलं आणि म्हणाली, "सरकारी रोखे सुरक्षित म्हणतात ना? मग २०२२ मध्ये त्याची एनएव्ही खाली कशी गेली?"

एनपीएसमध्ये तुमच्या नावावर युनिट असतात आणि एका युनिटच्या किमतीला एनएव्ही म्हणतात. युनिट गुणिले एनएव्ही म्हणजे तुमची शिल्लक. रोख्यांची किंमत रोज बाजारभावाने धरली जाते. समजा फंडाकडे १०० रुपयांचा आणि वर्षाला ६ रुपये व्याज देणारा सरकारी रोखा आहे. उद्या सरकार ७ रुपये देणारे नवे रोखे काढू लागलं, तर ६ वाला जुना रोखा १०० रुपयांना कोण घेईल? त्याचा भाव पडतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देतानाचा आपला व्याजदर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. जुन्या रोख्यांचे भाव उतरले आणि एनएव्ही दबली. पैसे बुडाले नव्हते. सरकार व्याजही देत होतं आणि मुदतीला मुद्दलही देणार होतं. शिवाय त्यानंतर भरलेल्या हप्त्यांतून जास्त व्याजाचे रोखे घेतले गेले. दहा-पंधरा वर्षं नोकरी उरलेल्या माणसाला दर वाढणं फायद्याचंच ठरतं. जो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, त्याला मात्र ती घट टोचते.

एनएव्हीबद्दलचा एक गैरसमज खूप पसरलेला आहे: १५ रुपयांची एनएव्ही स्वस्त आणि ५० ची महाग. तसं काही नसतं. १५ चे १६.५० झाले काय आणि ५० चे ५५ झाले काय, वाढ १० टक्केच.

एनपीएसच्या स्टेटमेंटमधून काढायच्या गोष्टी कोणत्या? प्रत्येक महिन्याची वर्गणी, तुमची आणि मालकाची, आली का. आणि कपात झालेल्या महिन्यानंतर किती दिवसांनी युनिट मिळाले. पैसे दोन महिने वाटेत अडकले तर ते दोन महिने त्यांची वाढच होत नाही, आणि स्टेटमेंटवरचा परतावा हे दाखवत नाही, कारण तो मोजायला सुरुवातच पैसे पोहोचल्यापासून होते. पगारातून कापल्याच्या तारखा घालून तुमचा स्वतःचा एक्सआयआरआर काढा, म्हणजे उशिराची किंमत टक्क्यांत दिसेल.

खर्चाबद्दल थोडं. एनपीएसचं निधी व्यवस्थापनाचं शुल्क अगदी किरकोळ असतं. म्युच्युअल फंडात ते जास्त असतं, आणि रोजच्या एनएव्हीतूनच वजा होत असल्यामुळे कुठे बिल येत नाही. २०१३ पासून प्रत्येक फंडाची एक डायरेक्ट योजना असते, तिच्यात वितरकाचं कमिशन नसतं. दरमहा १०,००० रुपये, पंचवीस वर्षं, ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १ कोटी ४५ लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे १ कोटी २४ लाख. एका टक्क्याची किंमत २१ लाख. चांगला सल्लागार असेल, वेळेला धीर देत असेल, तर त्याचा मोबदला जरूर द्यावा. पण आपण काय देतोय हे माहीत असावं, आणि फंडाचा परतावा नेहमी खर्च वजा जाता पाहावा.

सगळी खाती एकत्र करून एक मोठा एक्सआयआरआर काढावा का? काढा, पण त्यावरून वाईट वाटून घेऊ नका. वय वाढतं तसे आपण शेअर कमी करत जातो, आणि त्यामुळे एकूण वेग कमी होणारच. एनपीएसच्या ऑटो चॉइसमधला, म्हणजे वयानुसार शेअरचं प्रमाण आपोआप बदलणाऱ्या सोयीतला, मधला पर्याय पाहा: पस्तिशीपर्यंत शेअर ५० टक्के, मग दर वर्षी दोन-दोन टक्के कमी होत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्के. असा माणूस पन्नाशीत शेजारच्या तिशीतल्या मुलाशी परतावा ताडून पाहू लागला, तर त्याला आपलं सगळं चुकल्यासारखं वाटेल.

एकूण आकड्याची तुलना खरी करायची ती आपल्या गरजेशी. आज घरखर्च ४०,००० असेल आणि महागाई ६ टक्के धरली, तर पंधरा वर्षांनी तोच खर्च सुमारे ९६,००० होतो. आजची शिल्लक आणि पुढची वर्गणी, आजवरच्या वेगापेक्षा थोडा कमी वेग धरून वाढवली तर तिथवर पोहोचते का? पोहोचत असेल, तर निर्देशांकापेक्षा अर्ध्या टक्क्याने मागे पडलेल्या फंडासाठी झोप घालवू नये. पोहोचत नसेल, तर फंड बदलण्याआधी वर्गणी वाढवता येते का ते पाहावं. ती आपल्या हातात असते.

किती वेळा बघायचं? वर्षातून एकदा. मी दिवाळी पाडव्यानंतरचा पहिला रविवार धरला आहे. व्यापारी वहीपूजन करतात तो सुमार, आणि तोवर पीएफचं व्याजही बहुधा जमा झालेलं असतं. रोज ॲप उघडणाऱ्याला बाजार रोज काहीतरी सांगतो आणि ते बहुतेक वेळा निरर्थक असतं. मार्च २०२० मध्ये, २३ तारखेला, एका दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळून २५,९८१ वर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७,७०० च्या वर होता. त्या वर्षी फक्त दिवाळीत खातं उघडणाऱ्याला मधली खोल दरी दिसलीच नसती, आणि त्याचं काही बिघडलंही नसतं.

एखादा फंड सलग तीन वर्षं आपल्या टीआरआयच्या आणि आपल्यासारख्या इतर फंडांच्याही मागे राहिला, तर मी नवे हप्ते दुसरीकडे वळवतो. एक वाईट वर्ष मी सोडून देतो. जुने पैसे हलवण्याआधी कर किती बसेल ते आधी काढतो.

त्या संध्याकाळी बहिणीने वहीत चार उभे रकाने आखले: तारीख, भरलेली रक्कम, आजची किंमत, निर्देशांकाचं काय झालं. यंदाचा लाख तिने त्याच फंडात टाकला. पीपीएफ आहे तसं चालू ठेवलं. मग एनपीएसच्या वर्गण्या ओळीने उतरवायला बसली. मावशी दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी ही मान वर करेना. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "दादा, दोन महिने नाहीतच रे."

पगाराच्या चिठ्ठ्या लावून तिने कार्यालयात अर्ज दिला. गेल्या आठवड्यात फोन आला: एका महिन्याची रक्कम जमा झाली, युनिटही दिसताहेत. दुसऱ्या महिन्याची अजून नाही. वहीत त्या ओळीपुढची चौकट तिने रिकामी ठेवली आहे आणि समासात पेन्सिलने अर्जाची तारीख लिहिली आहे.